मखमलाबादहून रेडीला

१६ फेब्रुवारी ९९
शाळेतून आले तर हे सकाळी बसले होते तिथेच, ओट्यावर. बायपासची जखम भरली. डॉ. म्हणतात हृदय झकास आहे, आता रोज चाला, हळूहळू वाढवा. हृदय झकास आणि माणूस ओट्यावर. आज विचारलंच, भीती वाटते का? मग म्हणाले, "कोपऱ्यावर जनाकाकू बसलेली असती. कुठं चालले आप्पा, म्हणती. काय सांगू? कुठंच नाय?"

म्हणजे हे कारण. जन्मभर पहाटे झेंडूच्या करंड्या घेऊन फुलबाजारात, येताना खताची गोणी नाहीतर घरचा बाजार. बिनकामाचा, हात हलवत हा माणूस कधी रस्त्याला लागलेला नाही. आणि आमच्याकडे विचारल्याशिवाय कोणी कोणाला पुढे जाऊ देत नाही. पटलं मला, पण पटलं असं म्हटलं नाही.

१८ फेब्रु.
भांडण. मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. बाजार तर सोडलाच, आता रस्ताही सोडणार, एवढं शेवटचं.

रागातच शाळेच्या माळ्यावरून महाराष्ट्राचा जुना नकाशा मागून आणला. मराठवाडा उंदरांनी खाल्लेला, किनारा शाबूत. भिंतीवर ठोकला. म्हटलं, आजपासून तुम्ही समुद्रकाठाने निघालात. वर झाई, खाली रेडी, मग गोवा. इथे जेवढं चालाल तेवढी टाचणी पुढे. कोणी विचारलं तर गावाचं नाव सांगायचं.

"डोकं फिरलं का तुझं?"

जेवताना मात्र: "अन् झाईपतोर कसं जायचं? समुद्र काय दारात हाय?"

भाकरी तोंडात होती म्हणून हसू लपलं.

२० फेब्रु.
हाराचा दोरा घेऊन नकाशा मापायला बसलो. घरापासून त्र्यंबक, जव्हार, तलासरी, झाई. पुढे किनारा. मी दोरा सरळ ओढला तर हातातून काढून घेतला. प्रत्येक वळणात, प्रत्येक खाचेत दाबून बसवला. केवढा लांब झाला. वर म्हणतात, एवढी वर्षं भूगोल शिकवती अन् दोरा असा लावती? ऑपरेशननंतर पहिल्यांदा माझी चूक काढली. बरं वाटलं.

२२ फेब्रु.
निघाले. पाटाच्या पुलापर्यंत जाऊन परत. पण हातात नारळ.

झालं असं. जनाकाकूने विचारलं, कुठं चालले आप्पा. हे ठरल्याप्रमाणे, "त्र्यंबकला." काकूने थांबवलं, घरात गेली, नारळ आणून दिला. "माझा बी वाहा." आता त्र्यंबक आमच्या भिंतीवर आहे हे ऐंशीच्या बाईला रस्त्यात कसं सांगणार? घेऊन आले.

"आता गं?" म्हणाले.

देवाच्या नावाने घेतलेला नारळ घरात ठेवता येत नाही, फोडून चटणीही करता येत नाही. मी एसटीचं वेळापत्रक शोधायला लागले.

२८ फेब्रु., रविवार
एसटीने त्र्यंबकला जाऊन आलो. रांगेत नारळ दोन्ही हातांनी छातीशी धरून उभे, टाक्यांवर. येताना माझ्या खांद्यावर डोकं टाकून गाढ झोपले. ऑपरेशन करून मुंबईहून आणल्यापासून अशी झोप नव्हती. नाक्यावर उतरायचं होतं तरी उठवलं नाही, थेट स्टँडपर्यंत गेलो आणि रिक्षाने परत. प्रसाद काकूला दिला. नकाशाचंही सांगून टाकलं. ती म्हणाली, "मंग तिथून म्होरं काय लागतं?"

१७ एप्रिल
झाई. टाचणी समुद्राला टेकली. त्या आनंदात श्रीखंड, त्यांना दोनच चमचे. कुरकुर झाली.

२५ एप्रिल
डहाणूची खाडी आडवी. मी म्हटलं, द्या टाचणी पलीकडे. तर म्हणे खाडी चालून कशी वलांडायची, होडी लागती. बराच खल. शेवटी ठरलं: खाडी आली की रिक्षा. आजच अंमल. रिक्षावाल्याने विचारलं कुठे, तर हे म्हणाले, फुलबाजार.

मी पदराआड हात जोडले. गेलं वर्ष सरल्यापासून तिकडे फिरकले नव्हते. बाजार आता भाऊजी बघतात. त्यांना तिथेच चार शब्द सुनावले, गुलछडी उन्हात ठेवली म्हणून. भाऊजी बिचारे ऐकून घेत होते आणि त्यांचे डोळे भरले होते.

९ जून
मुरूड. छत्री घेऊन जातात. आता कोपऱ्यावर कुठं चालले असं कोणी विचारत नाही, कुठवर आले विचारतात. काकूला संध्याकाळी मला सगळं सांगावं लागतं. पाण्यात किल्ला आहे म्हटलं, तर "मंग त्यांला प्यायला पाणी?" आत गोडं पाणी आहे म्हटलं. हे मला माहीत होतं. जे माहीत नसतं तेही मी तेवढ्याच ठामपणे सांगते. नोकरीत एवढं तर शिकलेच.

२४ जुलै
पाटाच्या पुलावर ह्यांच्या छातीत दुखलं. दूधवाल्याने मोटरसायकलवर आणलं. हॉस्पिटल. मी बाकावर. काही सुचत नव्हतं, काल कुठलं गाव होतं एवढंच आठवत बसले. दाभोळ.

२७ जुलै
घरी. डॉ. म्हणाले ऑपरेशन उत्तम आहे, गोळी बदलली, आठवड्याने परत चाला. मी मान हलवली. ह्यांनी नाही.

११ ऑगस्ट
ओटा. भिंतीकडे पाठ. टाचणी दाभोळलाच. मी भांडले नाही यावेळी, भांडायची भीती वाटते. हे स्वतःबद्दल कधी लिहीन असं वाटलं नव्हतं.

१४ ऑगस्ट
जनाकाकू आली. गुडघ्यांमुळे ती कोणाची पायरी चढत नाही, आमची चढली. ह्यांच्यासमोर बसून दम घेतला.

"दाभोळच्या म्होरं काय हाय?"

"खाडी."

"मोठी हाय?"

"लय मोठी."

"मंग चालायचं कुठंय? रिक्षात तर बसायचं."

हे तिच्याकडे बघून हसायला लागले. डोळ्यातून पाणी येईपर्यंत. काकू म्हणाली, मलाबी ने, म्यां खाडी पाह्यली नाय. तिघं दाटीवाटीने बसून गेलो, फुलबाजारात चहा प्यायलो, परत आलो. टाचणी पलीकडे. उद्यापासून गुहागरच्या बाजूने चाल.

१८ ऑक्टोबर
उद्या दसरा. हे पहाटेपासून बाजारात उभे, झेंडूत. चालणं बुडालं. माफ केलं. घसा बसलाय, चेहरा असा की बायपास माझी झाली असावी.

१३ नोव्हेंबर
शिरोडा. राहिलं रेडी. दिवाळीची सुट्टी आहे, म्हटलं उद्या उरकून टाका, पेढे आणते. तर नाही. परवापासून टाचणी हलवू देत नाहीत. विचारलं तर, "बघू." मला वाटलं संपायला नको असेल. मलाही नकोच आहे म्हणा.

१६ नोव्हेंबर
आज कळलं. जनाकाकूला गुरुवारीच सांगितलं होतं, आता रेडी, मग संपलं. तिने नारळ आणून दिला. "समुद्राला द्या. माझ्या नावानं." आणि हे तो पिशवीत लपवून होते.

तरातरा कोपऱ्यावर गेले. म्हटलं, काकू, अहो ते नकाशावर चालतात, तुम्हाला माहीत आहे ना?

"ठावं हाय की. समुद्र असंल नकाशातला. नारळ खरा हाय."

मेथी निवडत होती. वर बघितलंसुद्धा नाही.

१७ नोव्हेंबर
डॉ.कडे. रेडी ऐकून पेन खाली ठेवलं. रात्रभर एसटी, तिथे चढउतार, मोठं हॉस्पिटल लांब. शुक्रवारी पट्ट्यावर चालवून कार्डिओग्राम काढू, मग बोलू. हे म्हणाले, "किती चालवायचं तेवढं चालवा साहेब." छाती काढून म्हणाले. अजून थोडी वाकलेलीच आहे.

मला भीती वाटते. जायचंही आहे. मी पन्नाशीची, भूगोलाची बाई, गिरगाव चौपाटीपलीकडे समुद्र पाहिलेला नाही, आणि किल्ल्यातल्या पाण्याच्या गोष्टी सांगते.

१८ नोव्हेंबर
स्टँडवर चौकशी केली. सावंतवाडीपर्यंत गाडी आहे, पुढे बदलायची. तिकीट काढलं नाही. घरी सांगितलंही नाही. विचारून आले एवढंच.

नारळ देवघरात. सकाळी चालून आले की हे तो उचलतात, कानाशी धरून हलवतात. मग माझ्याही कानाशी.

"पाणी हाय अजून," म्हणतात.