आर्मासदादाचं मासे दाखवणारं यंत्र

टॅमरॅक तळं,
५ जानेवारी २०११

चि. लेम्पीस,
आर्मासचे अनेक आशीर्वाद.

तू नाताळला पाठवलेला पुल्ला पाव पोचला. अर्धा मी खाल्ला, अर्धा शेजारच्या हार्लनने. त्याचं म्हणणं वेलची कमी पडली. पण बायको गेल्यापासून त्याच्या तोंडाला कशाचीच चव नाही, तेव्हा मनावर घेऊ नकोस.

काम असं आहे. माझं मासे दाखवणारं सोनार यंत्र बिघडलंय. तू आणि तुझ्या वाल्टरने चाळीस वर्षं डुलूथमध्ये रेडिओ-टीव्ही दुरुस्त केले, म्हणून तुलाच विचारतो. बर्फाच्या भोकातून सेन्सर खाली सोडला की तबकडीवर तळाची जाड लाल पट्टी दिसायची, आमिषाची हिरवी रेघ नाचायची, आणि मासा जवळ आला की तिच्याखाली तिसरी रेघ उगवायची. आता तळ फिका पडलाय आणि आमिषाची रेघ मधेच गायब होते. परवा दोन वॉलआय मासे हातचे गेले. गळाला हिसका बसला तेव्हा कळलं, मासा आहे म्हणून. असं आंधळेपणाने मासे धरायचे तर यंत्र कशाला घेतलं?

फोन करू नकोस. फोनवर आपण भांडतो, कागदावर शहाण्यासारखं बोलतो.

लोभ आहे तो गोठू देऊ नकोस.

तुझा,
आर्मास


डुलूथ,
१० जानेवारी

ती. आर्मासदादास,
लेम्पीचा सा. न. वि. वि.

हार्लनला म्हणावं, पुढच्या वेळी तुझ्यासाठी नुसत्या वेलच्याच पाठवते.

यंत्राचं आता नीट ऐक, आणि तुझ्या पद्धतीने चार कामं एकदम करू नकोस. आधी बॅटरी. रात्रभर चार्ज कर, यंत्र चालू ठेवून मीटर लाव. बारा व्होल्टच्या खाली आकडा आला तर तीच दोषी. थंडीत बॅटरी निम्मी होते, तेव्हा ती तुझ्या बर्फावरच्या खोपटीत शेगडीजवळ ठेव, उघड्या बर्फावर नको. मग वायरीची टोकं बघ. हिरवट बुरशी असेल तर खोडरबराने घास. सेन्सर बर्फाच्या थराखाली गेला पाहिजे आणि सरळ लोंबला पाहिजे, तिरका झाला की तळ फिका दिसतो. गेनचं, म्हणजे रेघा ठळक करायचं, बटण हळूहळू वाढव. आणि हार्लन जवळच बसत असेल तर त्याचं यंत्र थोडा वेळ बंद करायला सांग, दोन्ही यंत्रांचे आवाज कधीकधी एकमेकांत मिसळतात.

एका वेळी एकच गोष्ट बदल, आणि काय झालं ते लिहून ठेव. वाल्टर गिऱ्हाइकांना हेच सांगायचा, आणि कोणीही ऐकायचं नाही.

माझी माया आहेच, तुझी असू दे.

तुझी,
लेम्पी


टॅमरॅक तळं,
१७ जानेवारी

चि. लेम्पीस,
अनेक आशीर्वाद.

सगळं केलं, आणि एकेक करून केलं. मीटरवर बारा पूर्णांक सात. आकडा हार्लनने वाचला, कारण हल्ली हे मीटरवाले आकडे मुंगीएवढे छापतात. वायरीची टोकं घासली. हार्लनने आपलं यंत्र बंद केलं आणि तासभर तोंड फुगवून बसला. शेवटी गावातल्या आमिषाच्या दुकानातून नवा सेन्सर आणून लावला. फरक शून्य.

एक गंमत सांगतो, तुला उपयोग होईल. तबकडीकडे सरळ बघितलं तर मधे धुरकट डाग असतो. कोंबडीसारखी मान वाकडी करून बाजूने बघितलं तर रेघ दिसते! म्हणजे काचेतच काहीतरी आहे, नाही का?

आणखी एक. बर्फावरच्या वाटेला खुणेसाठी आम्ही ज्या फांद्या खोचून ठेवतो, त्या कोणीतरी उपटून नेल्यात. सोमवारी स्नोमोबाइलवरून खोपटीकडे निघालो तो थेट नदीच्या मुखापाशी, जिथे बर्फ पापडाएवढा असतो. हार्लन मागून हात हलवत, शिव्या घालत धावत आला म्हणून थांबलो. तो म्हणतो फांद्या जागच्या जागी आहेत. त्याला काय, तो काहीही म्हणतो.

यंत्र पार्सलने पाठवतोय. उघडून बघ.

लोभ राहू दे.

आर्मास


डुलूथ,
२७ जानेवारी

ती. आर्मासदादास,
सा. न. वि. वि.

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहितेय. पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की आतला एक भाग जळाला होता, तो बदलला, आता यंत्र छान चालेल. पाकीटही चिकटवलं होतं. मग फाडून टाकलं. दुसरं अर्ध्यावर राहिलं.

दादा, यंत्रात काही दोष नाही. मी ते उघडलं, प्रत्येक जोड तपासला. मग बंदरातल्या बर्फावर गेले, तिथे मासे धरत बसलेल्या एका बाईला विनंती केली आणि तिच्या यंत्राशेजारी तुझं ठेवलं. तळ लालभडक, आमिषाची रेघ सुईसारखी बारीक. मासा आला तो दोन्ही यंत्रांवर एकाच क्षणी दिसला. ती म्हणाली, तुमचंच जास्त चांगलं आहे.

तुझं मागचं पत्र मी परत काढून वाचलं. वाचण्यापेक्षा बघितलं म्हण. तुझ्या ओळी मधे चढतात, एकमेकींवर बसतात. शाळेत तुला अक्षराचं बक्षीस मिळालं होतं. आणि फांद्या कोणी उपटल्या नसतील, दादा.

तुला कोणाची आठवण येतेय ते मला माहीत आहे, मलाही तीच येतेय. डोळे गेल्यावर बाबा अकरा हिवाळे खिडकीपाशी गुडघ्यांवर हात ठेवून बसून होते. पण बाबांच्या वेळी औषध नव्हतं, आता काही जणांना मिळतं. मिळतं म्हणजे वेळेत गेलं तर.

सोबत चौकटीचा कागद आहे, मधे काळा ठिपका. एक डोळा हाताने झाक, दुसऱ्याने ठिपक्याकडे बघ. रेघा सरळ दिसतात का, वाकतात का, मधे बुजतात का? मग दुसरा डोळा. एका वेळी एकच. काय दिसलं ते लिही. आणि तोवर स्नोमोबाइलची किल्ली हार्लनकडे दे. मी तुझ्याकडे आजवर काही मागितलं नाही.

रागावलास तरी चालेल, पण उत्तर दे.

लेम्पी


टॅमरॅक तळं,
२ फेब्रुवारी

लेम्पी,

यंत्र परत पाठव. माझ्या डोळ्यांचं मी बघून घेईन. यंत्राबद्दल विचारलं होतं, बाकीचं विचारलं नव्हतं.

आर्मास


टॅमरॅक तळं,
२६ फेब्रुवारी

चि. लेम्पीस,
आर्मासचे अनेक आशीर्वाद.

जाड पेनाने लिहितोय, एका पानावर आठ ओळी. कागद फार लागेल, पण वाचता येईल.

आधी माफी. ते पत्र टाकून परत आलो आणि तुझा चौकटीचा कागद टेबलावरच होता. तीन दिवस त्याच्यावर कॉफीचा कप ठेवत होतो. चौथ्या दिवशी कप उचलला. डाव्या डोळ्याने बघितलं तर रेघा वाऱ्यावरच्या जाळ्यासारख्या हलल्या. उजव्याने बघितलं तर ठिपकाच नव्हता. लेम्पी, मला ऑक्टोबरपासून वाटत होतं. चर्चमध्ये ओळी दिसेनात तेव्हा पाठ असलेली स्तोत्रं म्हणत राहिलो. यंत्र तुझ्याकडे पाठवलं तेव्हा त्यात दोष निघावा म्हणून मी रोज प्रार्थना करत होतो. इतक्या मनापासून मी तुझ्या हेल्मीवहिनीच्या आजारपणानंतर काही मागितलं नव्हतं.

हार्लनने मला इस्पितळात नेलं. वाट दोन तासांची. डॉक्टरीणबाई तुझ्या नातीच्या वयाची. तिने सांगितलं, उजवा गेला तो गेला. डाव्यात दर महिन्याला सुई घ्यायची, तर तो बहुतेक आहे तेवढा राहील. वसंत ऋतूपर्यंत थांबला असतात तर तोही गेला असता, म्हणाली. डोळ्यात सुई म्हणजे काय ते लिहीत नाही. पहिली घेतली, ओरडलो नाही. हार्लन बाहेर बसून माझ्या वाटचं घाबरत होता.

किल्ली त्याच्याकडे दिली. त्याने किनाऱ्यापासून माझ्या खोपटीपर्यंत दोर बांधलाय. चारशे बारा पावलं आहेत. मी दोर धरून चालत जातो. पहिल्या दिवशी लाज वाटली. लांबच्या खोपटीतले लोक बघत होते, की बघत नव्हते, मला काय कळणार.

यंत्र परत मिळालं, पण मी ते चालू करत नाही. भोक हार्लन गिरमिटाने पाडून देतो. दोरी तळाला टेकली की बोटांना कळतं, मग हातभर वर घेतो आणि थांबतो. काल एक वॉलआय आला. तोंड लावण्याआधी तो आमिषाभोवती फिरला, तेव्हा दोरी नुसती श्वास घेतल्यासारखी हलली. साठ वर्षं मासे धरतोय, हे कधी जाणवलं नव्हतं. हार्लनला सांगितलं तर तो म्हणाला की माझं डोकंही गेलं. पण मासा त्यानेच तळला आणि निम्म्याहून जास्त त्यानेच खाल्ला.

संध्याकाळी मात्र घर फार मोठं वाटतं. डावा डोळाही गेला तर काय, हे मी कोणाशी बोलू? हार्लनशी बोललो तर तो रडेल.

पुढची सुई अकरा मार्चला आहे. तू ये. हे दोन शब्द लिहायला मला तीन दिवस लागले, तेव्हा उत्तर लिहीत बसू नकोस, बसमध्ये बस.

वाट बघतो. सरळ नाही दिसली तर मान वाकडी करून बघेन.

तुझा,
आर्मास