सिद्धम्माची वेगळी नळी

८ जानेवारी १९४१
सिद्धम्माचं पित्ताशय काढलं. हरभऱ्याएवढे चार खडे! मानवतच्या सांबप्पा दुकानदाराची बायको. दोन वर्षं बाई पोट धरून बसत होती. पित्ताशयाची नळी बांधताना रक्त फार आलं, नीट दिसेना. दोरा घाईनंच आवळला.

११ जानेवारी
डोळे पिवळे.

१४ जानेवारी
अंगभर कावीळ. लघवी काळी, शौच पांढरं — पित्ताची वाटच बंद! हैदराबादेत उस्ताद किती बजावायचे — पुस्तकातल्या चित्रावर जाऊ नका. कुणाची उजवी नळी यकृतातून वेगळीच उतरते, कुणाची पित्ताशयाची नळी मुख्य नळीला चिकटून खालपर्यंत जाते. नळीची ओळख पटल्याशिवाय दोरा बांधायचा नाही. मला पटली होती का?

पुन्हा उघडावं तर ताप एकशेचार. सोसणार नाही. आणि तीच मला धीर देते — "घाबरू नका डाक्टरसाहेब, आता दुखत न्हाई."

२१ जानेवारी
सकाळी दहाला गेली.

सांबप्पाला म्हटलं, एकदा आत पाहू द्या. त्यांच्या समाजात प्रेत बसवून पुरतात. तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "पाहा. पर टाके नीट घाला. तिला बसवायचंय."

पाहिलं. टाके मीच घातले, इतके बारीक कधी घातले नव्हते. काय दिसलं ते आज लिहवत नाही. बाहेर त्यानं विचारलं, "काय निघालं?" म्हणालो, "तिची नळीच वेगळी होती." त्यानं माझे पाय धरले!

१६ फेब्रुवारी
सांबप्पा गावभर सांगतो — डाक्टरचा दोष न्हाई, तिची नळीच येगळी. ते सोनपेठला पोचलं. लेक बसम्माची सोयरीक तिथं ठरलेली. मोडली! "आईचं आतलं वाकडं, पोरीचं सरळ कशावरून?" असं म्हणाले म्हणे. आज तो दवाखान्याच्या ओट्यावर बसून रडला. "पोरीला एकदा तपासा, साहेब. लय उपकार व्हतील." काय तपासू? लाज वाटते मला माझी.

१७ फेब्रुवारी
मानवतला जाऊन सांगितलं. नळी चारचौघींसारखीच होती. पित्ताशय ओढताना मुख्य नळी वर आली, तीच मी बांधली. बसम्मा दारात ऐकत होती.

सांबप्पानं पटका गुंडाळला. "चला सोनपेठला. आसंच सांगा तिथं."