बिनकाजूची खिरापत

नाही घातले, आई. एकसुद्धा नाही. खोबरं आहे, खारीक आहे, खसखस आहे, साखर तर तुम्ही घालायचात त्याच्या दुप्पट आहे, कारण आता माझा हात धरायला तुम्ही नाही. पण काजू नाहीत. डोळे मोठे करू नका. तुमच्या खिरापतीचं वाडीत नाव होतं ते काजूंमुळंच, मला काय ठाऊक नाही? उन्हाळ्यात बिया भाजून फोडताना तुमचे हात काळे व्हायचे, आणि मी विचारायचे, "आई, लग्नाला हातमोजे घालून जाणार काय?" मग तुम्ही उलथनं घेऊन माझ्या मागं. चार घरच्या सुना हसायच्या, पण सासूच्या मागं लागायची छाती माझ्या एकटीचीच. बसा, कारण सांगते.

तुम्हाला पणती झाली, आई. माझ्या लेकाची लेक. तुम्ही गेलात त्याला तेव्हा कितीतरी वर्षं झाली होती. मुंबईला असतात तिघं. आता रेल्वे झाली आहे, रत्नागिरीला उतरतात आणि रिक्षा करून थेट दारात. पोर बोलण्यात माझ्यावर गेली आहे, म्हणजे तुमच्या डोक्याला तापच झाला असता. चार वर्षांची झाली त्या गणपतीत ती पहिल्यांदा वाडीतल्या पोरांबरोबर घरोघरच्या आरत्यांना निघाली. सुनेनं आधीच सगळ्यांना सांगितलं होतं, हिला काजू चालत नाहीत, अंगावर गांधी उठतात. पण शेजारच्या काकीच्या घरी आरती झाली, आणि काकीनं, तुमच्याच त्या गडणीनं, चिमूटभर खिरापत पोरीच्या तोंडात घातली. "अगो, देवाचा प्रसाद कधी बाधतो काय!" वाईट मनानं नाही हो. तुम्हीही हेच म्हणाला असतात, मीही म्हटलं असतं.

पोरीचे ओठ सुजले. मग डोळे. मग घशातून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. खालच्या मोहल्ल्यातला रिक्षावाला नेमका कुणाला तरी सोडायला आला होता, तो एवढंच म्हणाला, "बसा चाची," आणि रत्नागिरीपर्यंत हॉर्नवरचा हात काढला नाही. डॉक्टरांनी सुई टोचली. पोर रडायला लागली, आणि रडणं एवढं गोड असतं हे मला त्या दिवशी कळलं.

घरी आल्यावर सून कपड्यांच्या घड्या घालत बसली. चिडली असती तर मी दोन शब्द बोलून हसवलं असतं. ती शांतपणे म्हणाली, "आई, यापुढं आम्ही गणपतीला नाही येणार. मी किती जणांच्या हाताकडं बघत बसू?" खरंच होतं ते. बाहेर काकी पाणंदीत उभी, पदर तोंडाला लावून, आत यायला तयार नाही. मी मनात म्हटलं, पोर गेली मुंबईला, काकी बसली तिच्या घरात, आता मी मोदकांशी गप्पा मारू काय?

तशीच उठले आणि चुलत भावोजींकडं गेले. आता आरतीनंतर देवापुढं वाडीचं गाऱ्हाणं तेच घालतात. "भावोजी, उद्या गाऱ्हाण्यात एक गोष्ट जास्तीची घाला."

"वहिनी, गाऱ्हाणं म्हणजे रेशनचं दुकान काय, सांगाल ते घालायला?"

"नाय घातलंत तर मी उभी राहून घालते."

"बायका कधी गाऱ्हाणं घालतात? त्यात तुम्ही..." पुढचं गिळलं त्यांनी. विधवा, असं म्हणायचं होतं.

"म्हणून तर म्हणते, तुम्हीच घाला. तुमची अब्रू राहील."

दुसऱ्या दिवशी शेवटची आरती आपल्याकडं. भावोजी हात जोडून उभे आहेत, घसा खाकरतात, नेहमीचं सगळं म्हणतात, लोक "व्हय म्हाराजा" म्हणतात. मग ते माझ्याकडं एकदा रागानं बघतात आणि म्हणतात, "आणि बा म्हाराजा, या वाडीत आईला इचारल्याबिगर पोराच्या हातावर कोण काय ठेवणार नाय, आणि कुठल्या घरच्या प्रसादात काजू पडणार नाय, म्हाराजा!" लोक एकमेकांकडं बघतात. प्रत्येकाच्या घरात काजू, प्रत्येकाच्या डब्यात खिरापत तयार. आणि बायकांच्या मागून काकीचा तो फाटका आवाज येतो, "व्हय म्हाराजा!" मग सगळी वाडी ओरडली. देवापुढं होकार दिला, आता मोडायची कुणाची टाप आहे?

सून पुढच्या गणपतीला आली, आई. आजही येते. आता दारात कुणाचंही पोर आलं की आधी विचारतात, "ह्याला काय चालत नाय गो?" पलीकडच्या घरातल्या सुनेनं तेव्हा कुठं तोंड उघडलं, की तिच्या मुलाला कोळंबीनं असंच होतं. पोरात खोट आहे म्हणतील म्हणून लपवत होती बिचारी. आणि रिक्षावाल्याची आई ईदला शीरखुर्म्याचे दोन डबे पाठवते. ज्याच्या कडीला दोरा बांधलेला, तो बिनकाजूचा.

आता उरलेलं सांगते. बिया फोडता फोडता तुम्ही मला एकदाच सांगितलं होतंत तुमच्या धाकटीचं, मी न बघितलेल्या माझ्या नणंदेचं. टाळ्या वाजवत आरतीहून आली, तुमच्या हातची खिरापत खाल्ली, तोंड सुजलं, आणि सांज व्हायच्या आत गेली. मी चौथ्याच दिवशी न्हाऊन प्रसादाच्या चुलीपाशी गेले, माझ्या विटाळानं देव कोपला, असं तुम्ही धरून बसलात. जन्मभर गणपतीसमोर आला नाहीत, ओटीवरून हात जोडलेत. आणि भरपाई म्हणून दरवर्षी खिरापतीत मूठभर काजू जास्त.

दवाखान्यात पोरीचं तोंड बघितलं तेव्हाच माझ्या डोक्यात लख्ख पडलं. देव कोपला नव्हता, आई. तुमच्या चौथ्या दिवसाचा काही संबंध नव्हता. पण हे अर्धं सांगितलं की उरलेलं अर्धं तुम्ही स्वतःच विचाराल, मग पोर गेली कशानं? म्हणून हे कागदावरच राहू दे. तुम्ही आत्ता दारात उभ्या राहून विचारलंत ना, तर मी तोंड वर करून खोटं बोलेन. काजू महाग झाले म्हणेन.