दहा मिनिटांचा नियम

४ फेब्रुवारी, दुपारी दोन

मुलीला एकवीस मिनिटं झोपवण्याचा खरा खर्च: अडीच तास, दुधाने भिजलेले दोन शर्ट, चष्म्याची एक काडी आणि न घेतलेले ऑफिसचे अकरा फोन. एवढ्या वेळात मी सहा मजल्यांची लिफ्ट ग्रीसिंगसकट उरकतो.

बायकोची रजा संपली, आजपासून लॅबमध्ये रुजू. पाळणाघरात जागा अठरा तारखेला. मधले दोन आठवडे कोण बघणार? मीच छाती ठोकून सांगितलं, मी. नऊ माणसं सांभाळतो, दहा महिन्यांची एक पोरगी सांभाळता येणार नाही? बायको म्हणाली, ती नऊ पगारावर आहेत.

लिहून ठेवतो: अठरा तारखेला पाळणाघराच्या दारात बाकीची पोरं भोकाड पसरतील. आमची रडणार नाही.

५ फेब्रुवारी

निदान झालं. मी लिफ्ट दुरुस्तीच्या या धंद्यात मेकॅनिकांचे पाने पुसत आलो, पण कान देवाने फुकट दिलेत. बेअरिंग गेलंय की ब्रेक घासतोय, हे जिन्यातूनच सांगतो. त्याच कानांनी दिवसभर ऐकलं. बाईसाहेबांच्या रडण्यात बिघाड काही नाही, नुसती सवय आहे. बटण दाबलं की लिफ्ट येते, म्हणून लोक बटण दाबतात. रडलं की बाप येतो, म्हणून ही रडते.

उपाय: यायचंच नाही. दहा मिनिटं, घड्याळ लावून. बायकोला एवढ्यात सांगायचं नाही. निकालच दाखवू.

६ फेब्रुवारी, सकाळी ९.४०

प्रयोग सुरू. दार ओढून पॅसेजमध्ये जमिनीवर बसलो. पावलं वाजली की तिला कळतं मी आहे, आणि सूर चढतो. म्हणून हलायचं नाही. चहा स्वयंपाकघरात. स्वयंपाकघर तिच्या दारापलीकडे. संडास त्याच्याही पलीकडे.

९.५०. अजून दहा.

१०.००. पायाला मुंग्या. हप्ते फेडून घेतलेलं घर, आणि मी चोरासारखा भिंतीला चिकटून.

१०.०५. उचललं. हरलो असं नाही. संडासला जायचं होतं.

८ फेब्रुवारी

चार दिवसांत घराबाहेर पाऊल नाही. आज कचऱ्याची पिशवी घेऊन, तिला काखोटीला मारून, लिफ्टपर्यंत गेलो. इमारतीची लिफ्ट आमच्याच देखरेखीत. वाटेत दुसऱ्या-तिसऱ्याच्या मध्ये किर्र आवाज. दाराचा कॉन्टॅक्ट, म्हणजे दार नीट लागलं तरच लिफ्ट चालू देणारा स्विच, झिजलाय. अजून पंधरा दिवस सहज जाईल. अकरा वर्षांत माझ्या लिफ्टमध्ये कोणी दहा मिनिटांच्या वर अडकलेलं नाही.

९ फेब्रुवारी

सात मिनिटांत गप्प!

१० फेब्रुवारी

चार.

११ फेब्रुवारी

फत्ते. दुपारी दार उघडलं तर बाईसाहेब जाग्या. कॉटमध्ये बसून पंख्याकडे बघत होत्या. किती वेळ, माहीत नाही. हूं नाही की चूं नाही. मी आलो तरी पंखाच बघत राहिल्या. काय ही एकाग्रता!

चांगली गोष्ट घरापुरती का ठेवा? ऑफिसला फोन लावला: लिफ्टची अलार्म बेल वाजली की लगेच फोन उचलायचा नाही. निम्मी बटणं पोरं खोडी म्हणून दाबतात. दहा मिनिटं थांबा, खरी गरज असेल तो पुन्हा दाबेल. काका भडकले. काका म्हणजे आमचे सगळ्यात जुने मेकॅनिक. पाना कसा धरायचा ते मला त्यांनीच शिकवलं. म्हणाले, अडकलेल्या माणसाशी आधी बोलायचं, मग हत्यार हातात घ्यायचं. तुला पहिल्या दिवशी हेच सांगितलं होतं, तेव्हा तुला मिसरूड फुटलेलं नव्हतं. मी म्हणालो, काका, काळ बदलला. म्हणाले, अंधारात माणूस तसाच घाबरतो. जुनी माणसं. पण मालक मी आहे.

१३ फेब्रुवारी

आरोग्य केंद्रात लस. बाकीची पोरं सुई टोचली की आईच्या गळ्यात. आमची थोडी कुरकुरली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. मी नर्सबाईंना म्हटलं, बघा, ट्रेनिंग. त्यांनी विचारलं, दुखलं की ही कोणाकडे बघते? म्हटलं, कोणाकडेच नाही, स्वावलंबी आहे. त्या हसतील असं वाटलं होतं. म्हणाल्या, दहाव्या महिन्यात मूल स्वावलंबी नसतं हो. हाक मारून कोणी येत नाही एवढं कळलं की हाक मारणं सोडतं. रडली की जवळ घ्या, बिघडत नाही.

बाई चांगल्या आहेत. पण टोचणाऱ्यांचं आवाजाचं ज्ञान किती असणार?

१४ फेब्रुवारी, रात्री

सकाळी अकराला ती झोपली. म्हटलं, दोन मिनिटांत कचरा टाकून येतो. फोन घरातच. येताना दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये किर्र, आणि खट्. बंद. दिवाही गेला.

अलार्म दाबला. अलार्म माझ्याच ऑफिसात वाजतो. कोणी उचलला नाही. पुन्हा दाबला. मग आठवलं. आज्ञा कोणाची? माझी. पाळतात कोण? माझी माणसं. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, नालायक माणसं नेमायला हवी होती.

चौथ्या मिनिटाला वरून ती रडली. आमचं दार लिफ्टला लागूनच आहे. मी ओरडलो, आलो गं, आलो. तिला ऐकू गेलं नसणार. तिखट कान माझे, तिचे नाहीत. आणि आज पहिल्यांदा ऐकू आलं की रडण्यात मध्ये मध्ये थांबा आहे. ती रडते, थांबते, ऐकते. कोणी येतंय का ते ऐकते. मग पुन्हा. हे मला पॅसेजमध्ये बसून नऊ दिवसांत ऐकू आलं नव्हतं.

सात वेळा थांबली. मग सुरूच झाली नाही.

अकराव्या मिनिटाला लिफ्टमधल्या स्पीकरवर काकांचा आवाज. घाबरू नका, मी इथेच आहे, माणूस निघालाय, तो पोचेपर्यंत मी फोन ठेवत नाही. मी कोण ते सांगितलं नाही. मुलगी घरात एकटी आहे, एवढंच बोललो. आवाज ओळखला असावा, पण एक शब्द टोचून बोलले नाहीत. वीस मिनिटं नुसते बोलत होते. स्वतःचा गुडघा, जावयाची नवी मोटरसायकल, काहीही. मध्ये खोकला आला म्हणून थांबले, तर मी ओरडलो, काका आहात ना? म्हणाले, आहे रे बाळा.

वर पोचलो. जागी होती. पंखा बघत होती.

बायकोला सगळं सांगितलं. नियमासकट. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने मुलीला उचललं आणि आतल्या खोलीत गेली.

१५ फेब्रुवारी

नियम रद्द. घरचा आणि ऑफिसचाही. काकांना फोन केला. म्हणाले, कॉन्टॅक्ट बदललाय, दुसरं काही बदलायचं असेल तर तू बघ.

पाळणाघराला अजून तीन दिवस आहेत. मी हात घातला की काम होतं. दिवसभर कडेवर घेतलं. पाठ गेली. ती कडेवर लाकडासारखी ताठ राहते. उतरवलं की रांगत चमच्यांकडे.

१६ फेब्रुवारी

दिवसभर तिच्याशी बोलत होतो. काकांचा गुडघा, जावई, सगळं सांगितलं. एकदा माझ्याकडे बघितलं. चष्म्याकडे असेल.

१७ फेब्रुवारी

दुपारी झोपेत किंचित कुरकुरली. मी चहा सोडून धावलो, गुडघा दाराला आपटला. पोचेपर्यंत गप्प. तरी उचललं. आता पुरती जागी झाली. जमेल. एका दिवसात मोटर जुळत नाही. उद्या बाप निघाला की कळेलच तिला, रडेल.

१८ फेब्रुवारी

पाळणाघर. दारात आठ पोरं, आठही भोकाड पसरून. एक पोरगं तर बापाची पँट सोडेना. बाप बिचारा ओशाळून सगळ्यांची माफी मागत होता. मी त्याच्याकडे बघतच राहिलो.

मावशींनी आमच्या बाईसाहेबांना आत घेतलं. मी टाटा केला. मग घड्याळ लावून खिडकीबाहेर दहा मिनिटं उभा राहिलो.

रडली नाही.