मोटरहोमला कोणतं ऑइल

१५ जून १९८६, रविवार
निर्णय पक्का. यंदा गणपतीला एसटीने कोकणात गावी जायचं नाही. स्वतःच्या मोटरहोमने जायचं. दिवाळीपासून ती सोसायटीच्या कंपाउंडमध्ये उभी आहे म्हणून लोक हसतात. हसू देत. कुणी गोरा ती मढच्या एका बंगल्यात टाकून गेला, मग शूटिंगवाल्यांनी तिची मेकअप-रूम केली, आणि शेवटी कदर असलेल्या माणसाच्या हाती आली. आत पलंग, बेसिन, पडदे. सबंध मुलुंडात दुसरी नाही.

कारण बाबा. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्यांना बसवत नाही, आडवंच राहावं लागतं. एसटीत आडवं कोण घेणार? बोट पावसाळ्यात बंद. आणि घरात थोरले तेच, गणपती पाटावर त्यांनीच बसवायचा. गेल्या वर्षी खंडूकाकांनी बसवला, तर बाबा इथे दिवसभर जेवले नाहीत. यंदा नेतो म्हणून शब्द दिलाय.

काम एकच उरलंय. इंजिन ऑइल बदलणं. अर्ध्या तासाचा प्रश्न.

१८ जून
गाडीबरोबर आलेलं इंग्लिश मॅन्युअल वाचलं. ऑइल हवेच्या तापमानावर ठरतं. थंडीत पातळ, गरमीत जाड. तक्ता बर्फापासून सुरू होतो आणि मुलुंड यायच्या आत संपतो. शिवाय पनवेलला गरम, घाटात गार. सरासरी काढावी लागेल. घाई नको.

२२ जून, रविवार
इंजिन नेमकं किती तापतं ते कळावं म्हणून बाबांचा तापाचा थर्मामीटर बॉनेटमध्ये बांधला. इंजिन सुरू झालं, हे महत्त्वाचं. थर्मामीटर फुटला. अनुपमा म्हणाली, आता बाबांना ताप आला की गाडीला विचारायचं का? बायकोला रीडिंगचं महत्त्व कळत नाही.

२९ जून
तज्ज्ञांचा सल्ला घेतला. गॅरेजवाला धोंडिराम म्हणतो तीस नंबर टाका. त्याच्या समोरचा गॅरेजवाला म्हणतो चाळीस टाका, धोंडिरामला काही कळत नाही. पेट्रोल पंपावरचा म्हणतो मल्टिग्रेड टाका, ते थंडीत पातळ राहतं आणि गरमीत जाड, त्या दोघांनाही कळत नाही. ऑफिसातल्या काशीरामचं म्हणणं, जुन्या इंजिनात चांगलं ऑइल टाकूच नये. चांगल्या ऑइलने आतली घाण धुतली जाते, आणि गळती थांबवलेली असते ती घाणीनेच. पटलं. धुऊन काढू नये अशा बऱ्याच गोष्टी आमच्या ऑफिसातही आहेत.

१२ जुलै
तीस नंबर भरलं. दुपारपर्यंत गाडीखाली थारोळं. सोसायटीच्या सेक्रेटरीबाईंचा पाय घसरला. पडल्या नाहीत, पण बोलल्या खूप. पातळ पडलं, दुसरं काही नाही.

२६ जुलै
चाळीस भरलं. गळत नाही. स्टार्टर नुसता कण्हतो. जाड पडलं.
बाबा रोज पलंगावरून विचारतात, “तेल गावला काय रे?” मी सांगतो, बाबा, सापडल्यातच जमा आहे. आज म्हणाले, “आमच्या वेळेक दिव्यात घालूक पण येवढो शोध नाय केल्लो.” त्यांना इंजिनाचा अनुभव नाही. राग धरला नाही.

१० ऑगस्ट
साधा हिशेब. अर्धं तीस, अर्धं चाळीस, म्हणजे पस्तीस. कुणालाच कसं सुचलं नाही? धोंडिरामला सांगितलं तर तो खाली वाकून बराच वेळ पाना शोधत राहिला. हसत असावा.

मिश्रण भरलं. थोडं कण्हतं, थोडं गळतं. म्हणजे मी योग्य मार्गावर आहे. मागच्या टायरांना बारीक भेगा दिसल्या. रबर आहे, त्याचा ऑइलशी संबंध नाही.

२४ ऑगस्ट, रविवार
अनुपमाचा भाऊ लवू आला. त्याचा ट्रक दोन तारखेला कौलं घेऊन कणकवलीला जातोय. म्हणाला, भावजी, मागे जागा ठेवतो, गादी घालू, वर ताडपत्री बांधू, तुमच्या बाबांना झोपवून नेतो, मी आहे ना. बाबांचा चेहरा असा उजळला की मला वाईट वाटलं. म्हणाले, “माका चलात. माका ट्रक चलात रे.”

मी ठाम नकार दिला. माझे वडील काय कौलं आहेत? अनुपमा म्हणाली, कौलं पोचतात तरी. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. मला मॅन्युअलकडे लक्ष द्यायला निवांतपणा मिळाला.

२ सप्टेंबर
लवूचा ट्रक गेला. जाताना खाली थांबून त्याने हॉर्न वाजवला, पुन्हा वाजवला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, आजच निर्णय झाला. मल्टिग्रेड. जुनं सगळं काढून टाकलं, नवं भरलं. थेंब गळत नाही, स्टार्टर कण्हत नाही. पहिल्याच दिवशी पंपावरच्याचं ऐकायला हवं होतं असं अनुपमा म्हणते. पण तेव्हा खात्री कुठे होती?

५ सप्टेंबर, शुक्रवार. सकाळी
नारळ फोडला. चौघांनी बाबांना उचलून आत पलंगावर ठेवलं. नवी टोपी घालून, खिडकीकडे तोंड करून पडले आहेत. इंजिनाचा आवाज झकास. उद्या दुपारी गावी पोचतो. हा दिवस लक्षात राहील.

त्याच दिवशी, दुपारी
मुलुंड चेकनाक्यावर आहोत. मागचा टायर फुटला. स्पेअर लावला, तोही फुटला. बसून बसून रबर कुजलं, असं पंक्चरवाला म्हणतो. इंजिन मात्र अप्रतिम. टायर बदलत असतानाही चालूच ठेवलं होतं, बाबांना आवाज ऐकू यावा म्हणून.

६ सप्टेंबर
या साइजचा टायर मुलुंडला नाही, ठाण्याला नाही, घाटकोपरला नाही. मुंबईत नाही. दुकानदार विचारतो, गाडी कुठल्या जमान्यातली? अनुपमा सकाळपासून नाक्यावर उभी राहून कोकणात जाणाऱ्या गाड्या थांबवतेय. माणसं चांगली आहेत, थांबतात. पण आडव्या माणसापुरती जागा आज कुणाकडे असणार? मालवणीत ओरडत, टाळ वाजवत पोरं पुढे जातात. दुपारी बाबा म्हणाले, पडदो ओढ. मी ओढला. ऊन लागत असेल.

७ सप्टेंबर, रविवार. गणेश चतुर्थी
सकाळी हातगाडीवर घालून बाबांना घरी आणलं. वाटेत घराघरांतून आरत्या चालू होत्या. बाबांनी डोळे मिटून घेतले होते. आपल्या पलंगावर टेकल्यावर त्यांनी अनुपमाकडे पिशवी मागितली, पूजेला नेसायचं कोरं धोतर काढलं आणि तिच्या हातात दिलं. म्हणाले, “ह्यां खंडूक धाडून दी. थोरलो आता तोच. माका आता खंय जावचा नाय.” अनुपमा धोतर घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

मी म्हटलं, बाबा, मुख्य प्रश्न ऑइलचा होता, तो सुटलाय. टायर काय, मिळतील. ते म्हणाले, “बरां.” इतक्या लवकर त्यांनी माझं कधी ऐकलं नव्हतं. मला ते आवडलं नाही.

संध्याकाळी एकटाच नाक्यावर गेलो. बॉनेट उघडून डिपस्टिक काढली. ऑइल स्वच्छ, लेव्हल बरोबर. ग्रेडची निवड अचूक होती. हे बाबांना सांगायला घरी आलो, तर ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. म्हणून इथे लिहून ठेवतो.