लाल गाडीच्या बुशांबाबत

मी, सोपानराव मालोजी भोंडवे, वय वर्षे त्रेसष्ट, कारखान्यातून निवृत्त झालेला मेंटेनन्स फोरमन, राहणार चिंचवडगाव, आज पूर्ण शुद्धीत व राजीखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवीत आहे. डॉक्टरांनी छातीचा कार्डिओग्राम काढून तोंड वाकडे केले म्हणून घाई केली, एवढेच. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. पत्नी शालनबाई दडपण आणते ते मीठ कमी खाण्याचे, आणि त्याचा या कागदाशी संबंध नाही.

कलम १. माझे स्वकष्टार्जित घर, तसेच पोस्टातील व फंडातील शिल्लक शालनबाईकडे जावी. तिच्या पश्चात चिरंजीव साहेबराव याने घ्यावे. अंगणातला शेवगा तोडू नये. तो गाडी लावायला आड येतो हे मलाही ठाऊक आहे.

कलम २. माझी हत्यारे साहेबरावला, पण पान्यांचा संच सोडून. तो संच माझ्या हाताखाली काम केलेला फिटर खंडू शितोळे यास द्यावा. कारण कलम ४ मध्ये येईल. समोरच्या सुमनताईंच्या यजमानांनी सन चौऱ्याहत्तर साली नेलेला जॅक अजून यायचा आहे. तो मागताना माझे नाव खुशाल पुढे करावे. मेलेल्या माणसाला भीड नसते.

कलम ३. माझी लाल रंगाची, दोन आसनी, इंग्लिश बनावटीची एम.जी. गाडी, सन १९५६ची. ही मी अडुसष्ट साली विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाकडून घेतली. सगळ्या गावाने मला वेड्यात काढले. देहूरोड सोडून तळेगावच्या रस्त्याला लागली की ती अजूनही अशी पळते, की मला माझे वय आठवत नाही. ही गाडी शालनबाईला मिळावी. साहेबरावला नाही.

साहेबरावने रागावू नये, कारण समजून घ्यावे. चाकाला धरणारे लोखंडी हात जिथे चासीला जोडतात तिथे जाड पुंगळ्या असतात, त्यांना आम्ही बुश म्हणतो. मूळच्या रबरी होत्या. सध्या मी लेथवर कातलेल्या नायलॉनच्या आहेत. त्या आता झिजून खडखडतात, आणि नवीन कुठल्या घालाव्यात यावरून आम्हा बापलेकांत दिवाळीपासून वाद आहे. साहेबराव म्हणतो, "दादा, नायलॉनच घाला, नाहीतर गनमेटल धातूचे. वळणावर गाडी रुळावर असल्यासारखी जाते." जाते, खोटे नाही. पण रस्त्यावरचा प्रत्येक खडा बसणाऱ्याच्या मणक्यात येतो. नायलॉन घातल्यावर चौथ्या दिवशी शालनबाई चिखलीच्या फाट्यावर खाली उतरली. "मी माणूस हाय का ज्वारीचं पोतं?" म्हणाली, आणि पीएमटीच्या बसने घरी आली. त्याला दहा वर्षे झाली. तेव्हापासून माझ्या शेजारची जागा रिकामी आहे आणि मला ती खुपते. तिच्याशिवाय या गाडीत बसण्यात मला कधीच मजा आली नाही. हे तोंडावर बोलायचे राहून गेले, म्हणून इथे लिहितो.

तरी बुश रबरीच घालावेत, फार मऊही नकोत, नाहीतर ब्रेक मारताच चाक भलतीकडे बघते. आणि ते रबर कोंडीराम ओव्हाळनेच ओतावे.

कलम ४. इथे मला कबुलीजबाब देणे आहे. कोंडीराम भिमाजी ओव्हाळ हा माझा मित्र. पिंपरीत पत्र्याच्या शेडमध्ये त्याचा रबराचा प्रेस आहे. एक्काहत्तर साली मूळचे बुश भुगा झाले तेव्हा त्याने स्वतः साचा कोरून नवे करून दिले. रबर नखाने दाबून त्याची जात सांगणारा माणूस तो! बुश मी बसवले. तीन महिन्यांत चारही फाटले. मी ते खिशात घालून कंपनीच्या गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर गेलो आणि शिफ्ट सुटलेली असताना, शंभर माणसांसमोर, तिथे बसलेल्या कोंडीरामपुढे टेबलावर फेकले. म्हणालो, "जुन्या टायरचा चुरा घालून माल खपवतोस?" तो एवढेच म्हणाला, "दादा, माझ्या रबरात भेसळ न्हाई." अशी बोलणी त्याच्या समाजाच्या वाट्याला आधीच कमी आलेली नव्हती, आणि त्यांत मित्राने भर घातली. त्यानंतर गाड्यांचे काम त्याच्याकडे कोणी नेले नाही. तो शेगडीचे पाय आणि चपलांचे तळ करू लागला.

पंच्याहत्तर साली खंडू एका ट्रकचे बुश बसवत होता. नट अर्धवटच आवळून त्याने ट्रक जॅकवरून खाली घेतला. मी ओरडलो तर म्हणाला, "साहेब, चाकं जमिनीवर टेकल्यावरच शेवटचा पीळ द्यायचा. हवेत आवळलं तर रबर कायम मुरगळलेलं ऱ्हातं आन् फाटतं." मी माझ्या गाडीचे नट ती हवेत टांगूनच आवळले होते. दोष रबराचा नव्हता, माझा होता. हे मला सहा वर्षे ठाऊक आहे आणि मी कोणाला सांगितले नाही, कारण फोरमन चुकला हे कोण सांगणार? याची मला लाज वाटते. कोंडीराम, मला माफ कर.

कलम ५. या मृत्युपत्राला कायद्याने दोन साक्षीदार लागतात. दुसरा साक्षीदार कोंडीरामच हवा. त्याला हे सगळे वाचून दाखवावे आणि मगच सही मागावी. त्याने नाकारली तर मी दुसरा माणूस घेणार नाही. मग हा कागद चुलीत गेला तरी चालेल. उद्धवराव वकील म्हणतात, हा शुद्ध अडाणीपणा आहे. ते असेही म्हणाले की, साक्षीदाराला मिळकतीतले काही देऊ नये. देत नाही. माझी चूक ही मिळकत नव्हे.

ठिकाण चिंचवडगाव, तारीख ८ फेब्रुवारी १९८१.

सही: सोपानराव मालोजी भोंडवे

साक्षीदार पहिले: उद्धवराव गणपत काळोखे, वकील

साक्षीदार दुसरे (वकील नको नको म्हणत असताना स्वहस्ते लिहिले): वाचलेलं समदं ऐकलं. सोपानदादा, टेबलावर टाकलेले बुश मी घरी नेऊन त्याच दिवशी कापले होते. रबर मुरगळल्याची खूण आत साफ दिसत होती. पण त्या महिन्यात तुमचं फोरमनचं प्रमोशन व्हायचं होतं. शंभर माणसांत तुमाला फिटिंग येत न्हाई असं मला बोलवेना. नंतर तुमी आलाच न्हाई. सही करतो. कागद पेटीत ठेवा आन् शालनवहिनींना घेऊन शेडवर या. किती मऊ रबर घालायचं ते त्यांना गाडीत बसवून ठरवू.

कोंडीराम भिमाजी ओव्हाळ