हॉलमधला समुद्र

२ मार्च, रविवार

निर्णय झाला. घरात समुद्र आणायचा.

कारण असं, की अव्वाला, म्हणजे आईला, गोकर्णला न्यायचं राहूनच जातंय. बाबा गेले तेव्हा मीच म्हणालो होतो, अव्वा, तुला गोकर्णचं देऊळ दाखवतो आणि समुद्रही दाखवतो. अव्वानं जन्मात समुद्र पाहिलेला नाही. पण शिवरात्रीला निघावं तर दुकानात सीझन सुरू होतो. उन्हाळ्यात बोअर आटतात, मग मोटारी, पाईप, केबल सगळ्यालाच गिऱ्हाईक. पावसाळ्यात रस्ते खराब. दिवाळीत गर्दी. मी टाळत नाही, कॅलेंडर टाळतंय.

परवा पुण्याला पंप कंपनीच्या डीलर मीटला गेलो होतो. हॉटेलच्या लॉबीत खाऱ्या पाण्याचा टँक. मासे नाहीत, नुसते सॉफ्ट कोरल, म्हणजे जिवंत प्रवाळ. जांभळे, हिरवे, मऊमऊ, संथ डोलणारे. तिथेच ठरवलं. अव्वाचे गुडघे दुखतात, तिला प्रवासाचा त्रास कशाला? खुर्चीत बसून समुद्र बघेल.

भुवनेश्वरीला सांगितलं. बायको म्हणून पाठिंबा अपेक्षित होता. तिनं विचारलं, समुद्र घरी येणार, मग गोकर्णचा महादेवही घरीच येणार का. तिला व्हिजन नाही.

९ मार्च, रविवार

टँक आला. चार फुटी. अख्ख्या मुरूम गावात पहिला, बहुतेक उमरगा तालुक्यातही पहिला. चौकशी केलेली नाही, पण असणार.

हॉलमध्ये खिडकीशेजारची भिंत उत्तम. तिथं अव्वाचा दिवाण होता, तो आतल्या खोलीत हलवला. आतली खोली शांत आहे. खिडकी नसल्यामुळे धूळही येत नाही. अव्वा काही बोलली नाही. म्हणजे आवडली.

पुण्याचा टँकवाला शिवकुमार फोनवर बऱ्याच सूचना देत होता. ऐकून घेतल्या. हयात पंप आणि पाण्यात गेली, मला पाण्यातलं तो काय शिकवणार?

१८ मार्च

पाण्यात खास पाकिटातलं समुद्री मीठ कालवलं. अव्वा स्वयंपाकघरातून खडेमिठाची बरणी घेऊन आली. भावना चांगली. हसलो नाही. थोडा हसलो.

शिवकुमार म्हणतो, महिनाभर तरी पाणी मुरू द्या, आत काही सोडू नका. तोवर नुसते दगड, पाणी आणि निळा लाईट. लोक बघायला येतात. एक जण बराच वेळ बघून म्हणाला, पाणी स्वच्छ आहे. धन्यवाद म्हणालो.

आणखी एक. टँकमधलं पाणी उडतं, मीठ मागं राहतं, म्हणून रोज गोड्या पाण्याची भर घालायची. ते साठवायला शिवकुमारनं प्लास्टिकचा ड्रम सांगितला. इतक्या नाजूक जिवांना प्लास्टिक? अव्वाचा लग्नातला तांब्याचा हंडा आहे. त्यातलं पाणी ती आयुष्यभर पीत आली आणि या वयात दात शाबूत. हंडा चिंचेनं घासून लख्ख केला. आता हंडा टँकला, अव्वाला प्लास्टिकचा जार. पूर्वजांचं शास्त्र अधिक माझं इंजिनिअरिंग (डिप्लोमा, पहिलं वर्ष).

हे शिवकुमारला सांगितलं नाही. प्रत्येक धंद्यात आपली एक ट्रिक असते.

२० एप्रिल, रविवार

कोरल आले!

हायवेवर येणेगूरला उन्हात उभं राहून पुण्याच्या ट्रॅव्हल्समधून थर्माकोलचा डबा उतरवून घेतला. आत पिशव्या, पिशव्यांत कोरल. फार्मात वाढवलेले आहेत, समुद्रातून तोडलेले नाहीत, बिलावर तसं छापलंय. क्लीनरनं विचारलं, काय आहे. समुद्र आहे म्हणालो.

एक मशरूम, एक हिरव्या गवतासारखा, एक जाड कातड्याचा आणि एक मुठीसारखी उघडझाप करणारा. सगळे मिटून बसलेत. प्रवासाचा शीण. मीही झोपतो.

२४ एप्रिल

घरात वाद. कारण : आहार.

शिवकुमारनं डब्याबरोबर खाद्याचं एक पाकीट फुकट दिलं होतं. मी फ्रीजमध्ये ठेवलं. भुवनेश्वरीनं वाचलं. त्यात बारीक कोळंबी होती. आमच्या घरात, जिथं पाहुण्यानं अंड्याचा केक आणला तर तो अंगणातच राहतो, तिथं देवाच्या नैवेद्याच्या दुधाशेजारी कोळंबी. अव्वानं फ्रीज रिकामा करायला लावला. विभूती पाण्यात कालवून कप्पे पुसले.

मी ठाम भूमिका घेतली. आमच्या घरात राहायचं तर शाकाहारी राहावं लागेल, कोरलनासुद्धा. शिवकुमार म्हणाला, चालेल, हे जास्त करून लाईटवरच जगतात. म्हणजे मूळचे आपल्यातलेच.

३० एप्रिल, बसव जयंती

मिरवणूक संपल्यावर निम्मी गल्ली आमच्या हॉलमध्ये. कोरल पूर्ण उघडलेत. काय ते रंग. मुठीवाला तर जणू नमस्कारच करत होता. मी भाषण दिलं : भरती, ओहोटी, प्रवाह, खोली, किनारा. किनाऱ्यावर उभं राहिल्यावर माणसाला किती लहान वाटतं तेही सांगितलं. शेजारच्या पार्वतम्मा म्हणाल्या, नंदीशला समुद्राची लई माहिती हाय. मान्य करावं लागलं.

अव्वाला खुर्ची देऊन पुढं बसवलं. ती रोज संध्याकाळी पाचेक मिनिटं बसते. मी हाक मारतो तेव्हा. आज विचारत होती, ह्याचा दुसरा काठ तर इथूनच दिसतोय. समुद्राचा बी दिसतो का? म्हणालो, हा कॉम्पॅक्ट आहे.

गोकर्णचा विषय आता संपला असं धरायला हरकत नाही.

५ मे, सोमवार. दुपार

बाहेर बेचाळीस. टँक एकतीसवर गेला. कोरलना सव्वीस लागतं. इमर्जन्सी.

अव्वाच्या खोलीतला कूलर टँकसमोर आणला. अव्वा उन्हाळे काढत आलेली बाई आहे. कोरलना ही सवय नाही. शिवाय दार उघडं ठेवलं तर थोडी हवा आत जाते.

लाईट गेली की इन्व्हर्टरवर लाटांचा पंप चालतो, म्हणून पंखे बंद ठेवायचे असं ठरवलंय. ठरवताना मी एकटाच होतो.

अव्वा अंगणातल्या पारिजातकाखाली चटई टाकून झोपते आता. निसर्गाच्या जवळ.

१२ जून

पार्वतम्मांनी नवीनच काढलंय. गल्लीतल्या बायकांचं भजन मंडळ श्रावणात टेम्पो ट्रॅव्हलर करून गोकर्णला जाणार. अव्वा जाणार. भुवनेश्वरी पण जाणार. मला हे सगळं जेवताना सांगण्यात आलं.

गुडघ्यांचं काय, विचारलं. अव्वा म्हणाली, गुडघे काय घरी बी दुखतात. मग मी म्हणालो, अगं पण समुद्र तर आपल्या हॉलमध्ये आहे. दोघी भुरकत राहिल्या. आमटीचा आवाज तेवढा.

जेवण झाल्यावर अव्वा जवळ येऊन बसली. "नंदीश, तुझी बी एक शीट धरून ठेवलीय म्या. खिडकीची. तुझ्याबरोबरच जायचं व्हतं मला."

बघतो म्हणालो. पण टँक कोण बघणार? रोज भर घालायची, मीठ मोजायचं, काच पुसायची. कोरल एकटे राहू शकत नाहीत. हे बोलायला सोपं होतं, ऐकायला जरा वाईट वाटलं. माझं मलाच.

१० जुलै, गुरुवार

मुठीवाला मूठ उघडत नाही. हिरवं गवत मिटलेलं. मूड असेल. ढगाळ हवेत माणसालाही उदास वाटतं.

उपाय : हंड्यातलं पाणी थोडं जास्त घालतोय. हंडा रोज चिंचेनं घासतोय.

१४ जुलै, सोमवार

मुठीवाला विरघळला. काल होता, आज पांढरा चोथा. मशरूम आक्रसून हरभऱ्याएवढा झालाय. पाणी आणखी बदललं. सगळं हंड्यातलंच, शुद्धातलं शुद्ध.

अव्वानं पुन्हा विचारलं, येतोस का. या परिस्थितीत? म्हणालो, आता शक्यच नाही, आजारी जीव टाकून कसं येऊ. अव्वा बरं म्हणाली. फार समजूतदार बाई. गेली आणि कूलरची टाकी भरून आली. कूलर अजून टँकसमोरच आहे, लक्षातच नव्हतं.

१७ जुलै

शिवकुमारला फोन. त्यानं मिठाचं माप विचारलं, तापमान विचारलं, लाईट विचारला. सगळं बरोबर. मग भरीचं पाणी कशात साठवता विचारलं. अभिमानानं सांगितलं, अस्सल तांब्याच्या हंड्यात.

त्यानं तेच पुन्हा दोनदा सांगायला लावलं. रेंजचा प्रॉब्लेम वाटला. मग तो हळूच म्हणाला, नंदीशभाऊ, तांबं म्हणजे ह्यांना विष. थोडं थोडं पाण्यात उतरतं, ते जात नाही, साठत राहतं. ड्रम सांगितला होता ना मी.

सांगितला होता, पण कारण सांगितलं नव्हतं. चूक विभागून आहे.

बरं, जुन्या काळचं तांबं शुद्ध असायचं, त्यामुळे असं व्हायला नको होतं, असंही म्हणून पाहिलं. तो म्हणाला, शुद्ध होतं तर मग आणखीच वाईट.

२० जुलै, रविवार

अव्वाचा हंडा परत केला. तिनं धुऊन, पाणी भरून देव्हाऱ्याजवळ ठेवला आणि लगेच फुलपात्रभर प्यायली. तिला एवढी तहान लागलेली मला माहीत नव्हतं.

प्लास्टिकचा ड्रम आणला. पाण्यातलं तांबं शोषायला कार्बन टाकला. कोरल लढवय्ये आहेत. जाड कातड्याचा तर नक्की वाचणार.

२७ जुलै, रविवार

जाड कातड्याचा गेला. सगळे गेले.

बादलीत भरून गटारीत टाकायला निघालो तर अव्वा आडवी आली. म्हणाली, जीव होता त्यात, आपल्या लिंगायतांत पुरतात. पारिजातकाखाली खुरप्यानं खड्डा केला. आधी पुसटशी विभूती लावली, मग माती ओढली. मी बाजूला उभा होतो. एवढ्याएवढ्याशा चोथ्यासाठी डोळे भरून येतील असं वाटलं नव्हतं. पारिजातकाला फुलं नव्हती म्हणून तिनं तुळशीची पानं ठेवली. मग तिथंच बसून राहिली, कारण गुडघ्यामुळे उठता येईना. हात देऊन उठवलं. हात फार हलका लागला.

३ ऑगस्ट, रविवार

सकारात्मक विचार. टँक रिकामा म्हणजे मी मोकळा. श्रावणात दुकानालाही काम नाही. अव्वाला सरप्राईज द्यायचं ठरवलं : मी येतोय गोकर्णला!

आधी पार्वतम्मांकडे गेलो. खिडकीची सीट माझी, म्हणालो. त्या चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, ती शीट पंधरवड्यामागंच गेली की, ढोकीच्या त्यांच्या बहिणीला दिली. मी विचारलं, कुणी द्यायला सांगितली. त्या म्हणाल्या, "तुझ्या अव्वानंच. म्हणाली, त्याला टँक सोडून याय जमायचं न्हाय, उगं त्याला कोड्यात घालू नका."

माझी गाडी मागोमाग घेऊन जाईन म्हणालो. पण टायर गुळगुळीत, घाट मोठा, आणि एकट्यानं चालवायचं. प्रॅक्टिकल नाही.

चहा चांगला होता.

१० ऑगस्ट, रविवार. पहाटे

गाडी गेली. माझ्या खिडकीत पार्वतम्मांची बहीण (तिला गाडी लागते), शेजारी अव्वा. नवीन लुगडं, कपाळभर विभूती. भुवनेश्वरीनं मला डबे दाखवले : हे आज, हे उद्या. मी हात हलवला. अव्वानं हलवला नाही, ती पुढच्या काचेतून रस्ता बघत होती.

दिवाण पुन्हा खिडकीशेजारी आणला. कूलर तिच्या खोलीत. रिकामा टँक मागच्या अंगणात. एकट्यानं उचलला, कंबर धरली.

११ ऑगस्ट, श्रावणी सोमवार

उपवास. दुपारी व्हिडिओ कॉल आला. भुवनेश्वरीनं फोन धरला होता, पण चित्र सारखं हलत होतं. मागं नुसता करडा रंग आणि एक मोठा आवाज. मग अव्वा आली. पदर ओला, केस विस्कटलेले, हसत होती. दर्शन चांगलं झालं म्हणाली. गर्दी व्हती पण झालं.

मग म्हणाली, "नंदीश, लाट मागं जाताना पायाखालची वाळू वढून नेती रे. उभंच ऱ्हावंना. तू समुद्राचं एवढं सांगितलास, हे कधी न्हाई सांगितलास."

मी म्हणालो, रेंज नाही, आवाज कट होतोय. आणि फोन बंद केला. आवाज स्वच्छ येत होता.

मला माहीतच नव्हतं हे. मुंबईला एकदा गेलो होतो, पण गोरेगावच्या प्रदर्शनातून त्याच दिवशी परत. गोव्याचं दोनदा ठरून राहिलं. म्हणजे समुद्र मीही अजून पाहिलेला नाही.

फोन ठेवायला नको होता. अव्वाला विचारायचं होतं, कसा आहे.